गाडीच्या दारावरचा हात

प्रिय सुशिला,

मागच्या मडगार्डावरचं मेण सुकत आलं होतं आणि मी फडक्याची घडी बदलत होतो, तेव्हा देवका गिरणीच्या फाटकातून आत आली. तुझी पाठराखीण म्हणून गेलेली तुझी आत्या तुझ्या सासरहून, सडक अर्जुनीहून, सकाळच्या मोटारीने परतली होती आणि घरी न जाता सरळ माझ्याकडे आली होती. तिने डोक्यावरचं गाठोडं गाडीपासून चांगलं लांब ठेवलं आणि तुझा निरोप सांगितला. तुला माहेरी आणायला उदाराम काकाने यावं, बाबांनी येऊ नये. अजून काही म्हणाली का, असं मी विचारलं. देवका नाही म्हणाली. मग मी ते मडगार्ड पूर्ण केलं, कारण सुकलेलं मेण वेळेवर काढलं नाही तर ते डाग धरून बसतं. देवका उभी राहून पाहत होती. नंतर तिने घरी जाऊन तुझ्या आईला सांगितलं की पोरीचा असा निरोप ऐकूनही याचं पुसणं थांबलं नाही. ते खरं आहे.

पहिल्या खेपेला मुलीला आणायला बापच जातो. तुझे आजोबा पाय सुजलेले असतानाही तुझ्या आईला न्यायला आमच्या दारात आले होते आणि पाणीसुद्धा न घेता अंगणात बसून राहिले होते. आता आपल्या मुर्रीतले लोक मला विचारतील की ग्यानीराम, तू का नाही गेलास. सगळ्यांना कारण माहीत आहे, तरी विचारतील. तू नको म्हटलंस, म्हणून मी येणार नाही. तुझं मन वळवायला हे पत्र लिहीत नाही. कशासाठी लिहितो आहे ते मला अजून नीट मांडता येत नाही. म्हणून आधी गाडीचंच सांगतो. तेवढंच मला नीट सांगता येतं.

उभ्या गाडीची चमक कोणीही राखेल. मी चालवतो ती मुन्नालाल शेठची लँडमास्टर मोटार एक दिवसही उभी राहत नाही. सकाळी स्टेशन, मग दुसऱ्या गिरणीत, दुपारी आमगाव नाहीतर तिरोडा, कधी बालाघाट. रस्त्यावर लाल मुरूम, आणि परत आलं की गिरणीच्या धुराड्यातून पडणारी भाताच्या तुसाची राख. ही राख पिठासारखी दिसते, पण तुझी आई पितळी भांडी तिनेच घासते, हे विसरून चालत नाही. कोरड्या फडक्याने एकदा जरी ती पुसली तरी काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठतात आणि मग ऊन पडलं की तेवढंच दिसतं. म्हणून आधी भरपूर पाणी, हात न लावता. मग ओलं फडकं, वरून खाली. मग सुकं. मेण सावलीत लावायचं, पत्रा थंड असताना, आणि इतकं कमी की लावलं की नाही अशी शंका यावी. जाड थर दिला तर तो धूळ धरतो. पातळ थर धुक्यासारखा पांढुरका झाला की जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने काढायचा. नीट लागलं असेल तर पाण्याचे थेंब पत्र्यावर गोल उभे राहतात आणि जरा तिरपं झालं की निघून जातात. मग चिखल धरत नाही, पाखराची घाण धरत नाही. धरलीच तर पाण्याने सुटते.

ही गाडी आली तेव्हा तू मराठी सातवीत होतीस. तू गिरणीत मला डबा घेऊन यायचीस आणि बोनेटमध्ये तोंड पाहून वेणी नीट करायचीस. मी तुला लांबूनच पाहायला सांगायचो. तुझ्या परकराला धूळ असायची. तू खरंच दोन्ही हात पाठीमागे बांधून पाहायचीस. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगायचो की माझी पोरगी किती समजदार आहे. आता ते आठवलं की मान खाली जाते. ज्या वयात पोरी बापाजवळ हक्काने हट्ट धरतात त्या वयात तू माझ्यासमोर हात मागे बांधून उभी राहायला शिकलीस.

लग्नाला गाडी द्यायचं शेठजींनी स्वतःहून कबूल केलं. मी मागितली नव्हती. सगळ्या मुर्रीत तोपर्यंत नवरी बैलांच्या रेंगीतून किंवा छकड्यातूनच गेली होती. शेठजी म्हणाले, ग्यानीराम की लडकी गाडी में जाएगी, आणि मुनीमजींनी मान डोलावली. मला रात्रभर गाडीच दिसत राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी तुझी आई मांडवाला पानं कमी पडतात म्हणून मला हाका मारत होती आणि मी गिरणीच्या गोदामाच्या सावलीत मेण लावत होतो. तुला हळद लागली तेव्हा मी नव्हतो. तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगणार होतो की हे तुझ्यासाठीच चाललं आहे, आणि तेव्हा ते मला खरंही वाटत होतं.

लग्नाच्या सकाळी गाडी मांडवासमोर लावली तेव्हा बायकांनी तिच्याभोवती घोळका केला. आंब्याच्या पानांचं तोरण बोनेटवर बांधायचं होतं. मी सुतळी घासते म्हणून बांधू दिलं नाही. मग झेंडूची माळ आतल्या आरशाला अडकवली. पोरांना मी आळीपाळीने हाकलत होतो. देवका तुझ्या आईला म्हणाली, “शांते, याले आता मांडवात नको बसवू. हा तं नवरदेवालेबी पालिश मारते.” सगळे हसले, मीही हसलो. वऱ्हाडातली माणसं दारात स्वतःचं रूप पाहून फेटे नीट करत होती. कोणीतरी ही गाडी कोणाची म्हणून विचारलं आणि आपल्या उदारामने सहज सांगून टाकलं, आमच्या भाऊची. मी ते ऐकलं. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

तुझी निघायची वेळ झाली. शेठजी आले होते, त्यांच्यासोबत नागपूरचे एक व्यापारी होते, दोघे खुर्च्यांवर बसले होते. तू घराच्या भिंतीवर हळदीचा हात उमटवलास. मग देवकाने हळदीची परात गाडीपाशी आणली, जशी ती रेंगीपाशी आणतात. तुझ्या आईचा हात आमच्या रेंगीच्या फळीवर उमटला होता. तो कोणी पुसत नाही. पावसाने, उन्हाने जाईल तेव्हा जातो. तुझा जन्म झाला तेव्हाही त्याची बोटं ओळखू येत होती. देवकाने तुझा हात परातीत बुडवला आणि तू तो मागच्या दारावर ठेवलास. हळद पातळ होती, मनगटाखाली ओघळली. मी तिथेच उभा होतो. माझ्या खांद्यावरचं फडकं दारावर फिरलं आणि दार पुन्हा काळं झालं.

वाजंत्री चालूच होती, ती तेवढी बरी झाली. तुझ्या आईने तोंडावर पदर धरला. सगळ्यांना वाटलं ती तू निघालीस म्हणून रडते. देवकाने परात पुन्हा पुढे केली होती, पण तू हात मागे घेतलास. तुझ्या सासऱ्यांनी दुसरीकडे पाहिलं. ते सभ्य माणूस आहेत.

गाडी मीच चालवायची होती, दुसरा ड्रायव्हर नव्हता. बापाने स्वतः मुलीला सासरी नेऊन घालावं का, यावर आधी घरात वाद झाला होता आणि देवकाने तो मिटवला होता, बाप म्हणून नाही तर ड्रायव्हर म्हणून जाईल म्हणून. ती तेव्हा गमतीने बोलली होती. मी आरशात तुला पाहत होतो. झेंडूची माळ हलत होती, तिच्या आडून तू दिसत होतीस. एका बाजूला जावईबापू, दुसऱ्या बाजूला देवका, मध्ये तू. तुझ्या उजव्या हाताला हळद तशीच होती. तो हात तू मांडीवर उताणा ठेवला होतास, बोटं जरा वर उचलून. वाटेतलं गोरेगाव मागे गेलं तरी तसाच होता. जावईबापूंनी मध्ये स्वतःचा रुमाल दिला. तू तो घेतलास आणि तळहाताखाली धरलास. हात पुसला नाहीस, रुमाल फक्त खाली धरलास. माझ्या गाडीच्या गादीला हळद लागू नये म्हणून तू इतका वेळ हात आवरून बसलीस. गाडी थांबवून मागे वळावं, टेक म्हणावं, कुठेही टेक म्हणावं, असं मला प्रत्येक वळणावर वाटत होतं. रस्ता चांगला होता, थांबायला जागाही होती. मी थांबलो नाही. जावई बसलेले होते. त्यांच्यासमोर सासऱ्याने काय बोलायचं ते मला सुचेना.

तिथे पोचल्यावर तू जावईबापूंच्या बाजूने उतरलीस. पदर हातावर गुंडाळून घेतलास, दाराला न शिवता बाहेर पडलीस आणि मागे पाहिलं नाहीस. तुम्हाला ओवाळून आत घेतलं. मी गाडी कडुनिंबाखाली लावली. तुझ्या घरचं पाणी मला चालत नाही हे तुझ्या सासऱ्यांना माहीत होतं. त्यांनी नुसतं सावलीत बसायला सांगितलं आणि ते पाहुण्यांत गेले. थोड्या वेळाने एक म्हातारी बाहेर आली. ती लग्नाला आली नसावी, मला ओळखत नव्हती. तिने आत ओरडून सांगितलं, “अवो, या डायवरले चहा द्या कोणी.” मग कोणी तरी कप आणून दिला. मी तो प्यालो. मी मुलीचा बाप आहे, इथलं काही घेत नाही, हे एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलण्यापेक्षा पिणं सोपं वाटलं. माझ्या बापाने, त्याच्या बापाने असं केलं नाही. हे मी तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

घरी आलो तर सगळे वाट पाहत होते. उदाराम आधी बोलला. म्हणाला, भाऊ, तू असं काऊन केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे, त्याला बोलायचा हक्क आहे. तुझ्या आईने जेवायला वाढलं आणि ती आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. कौलांवरची मांजर आत शिरली, उदारामने बैल आणले, एवढंच. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग देवका तुझ्याकडून परतली आणि तिनेच घरातलं वातावरण निवळवलं. ती म्हणाली, “त्याले काऊन बोलता? गाडी दिसली का हात चालते त्याचा. बैलाची शेपटी हालते तसा. शेपटीले काय समजते, पुसलं का झाडलं?” उदारामला ते पटलं. तुझ्या आईलाही थोडं पटलं असावं, कारण त्या संध्याकाळी तिने मला तंबाखू आहे का म्हणून विचारलं. शेजारीपाजारी देवका तेच सांगते आहे. लोक हसतात आणि मान डोलावतात. इतकी वर्षं रोज पुसायचं म्हटल्यावर असं व्हायचंच. मीही ते तसंच चालू दिलं. बुडणाऱ्याला फळी मिळाली तर तो ती कोणाची आहे हे विचारत नाही, तसं माझं झालं.

शेठजींचंही सांगितलं पाहिजे. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांना स्टेशनवर नेत होतो. ते मागे बसले होते. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. त्यांनी पान तोंडात घातलं आणि म्हणाले, “ग्यानीराम, बच्ची का हाथ काहे पोंछ दिया? रहने देते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी म्हणालो, “आदत है, शेठजी.” देवकाने ते शोधून काढायच्या आधी मीच ते वापरलं होतं. शेठजी हसले. काल त्यांच्याबरोबर कोणी अडत्या होता. त्याला ते माझ्या पाठीमागे बसून सांगत होते, आमचा ड्रायव्हर असा, गाडीवर डाग बघवत नाही, स्वतःच्या मुलीचा हातसुद्धा त्याने राहू दिला नाही. ते मोठ्या अभिमानाने सांगत होते. अडत्याने पुढे वाकून माझ्या खांद्यावर थाप मारली. मी गाडी चालवत राहिलो. आता ती गोष्ट गोंदियात फिरेल, आणि जिथे जाईल तिथे माझी तारीफ होईल.

आणखी एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही, कारण ती फक्त मला माहीत आहे. त्या दाराला आदल्या दिवशीच मेण लागलं होतं. त्यावर हळदीचा डाग बसला नसता. तुझा हात तसाच सडक अर्जुनीपर्यंत गेला असता, मी निघेपर्यंत तुझ्या सासरच्या दारात उभा राहिला असता, तुझ्या घरच्या बायकांनी पाहिला असता, आणि दुसऱ्या दिवशी तांब्याभर पाण्याने निघून गेला असता. रंगाला काहीही झालं नसतं. दुसऱ्या कोणाला हे माहीत नसेल तर त्याला माफ आहे. मला माहीत होतं. मेण त्यासाठीच लावतात.

उद्या सकाळी उदाराम तुला आणायला निघेल. तू आलीस की देवका तुला जवळ बसवून सांगेल की बापाचा हात आपोआप गेला, त्याचा काही दोष नाही. तू मनाची मऊ आहेस, तुला ते पटेल, तू मला माफ करशील आणि पुढच्या खेपेला मला बोलावशील. ते होऊ नये म्हणून हे पत्र लिहिलं. वर मी लिहिलं आहे की फडकं दारावर फिरलं. तेही तसंच लिहिलं गेलं, मला आत्ता वाचताना दिसलं. फडकं आपोआप फिरत नाही. तू हात उचललास तेव्हा दारावर चार बोटं पूर्ण होती आणि करंगळीचं फक्त टोक होतं. तुझी करंगळी लहानपणी गवत कापताना विळ्याने कापली तेव्हापासून सरळ होत नाही. मी ते टोक पाहिलं. हा सुशिलेचा हात, असं मनात म्हटलंसुद्धा. मग मी मान वळवून शेठजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पाहुण्यांशी बोलत होते. त्यांनी वळून पाहिलं तर, एवढं माझ्या मनात आलं. मग मी खांद्यावरून फडकं काढलं आणि पुसलं. हे सगळं व्हायला वेळ लागला, सुशिला. हात आपोआप गेला असता तर एवढा वेळ लागला नसता. तुला त्या दिवशी जे वाटलं ते बरोबर होतं. कोणी काही सांगितलं तरी ते बदलू नको.

तुझाच,
बाबा

मुर्री, वैशाख, १९५७

ता. क. सकाळी लिहितो. पाकीट बंद करायच्या आधी तुझ्या आईने हे सगळं उदारामकडून वाचून घेतलं. चहाचंही. देवका चुलीपाशी बसून ऐकत होती. तुझ्या आईने उदारामला शिदोरी बांधून दिली आहे. हे पत्र घेऊन तो पहिल्या मोटारीने निघतो. मी त्याला स्टँडपर्यंत पोचवतो.